वाटी म्हणजे नक्की कुठली वाटी?

अर्धा किलो बेसन, दोन वाट्या तूप, अडीच वाट्या पिठीसाखर. कृतीत एवढंच लिहिलं होतं आणि मी ते शब्दशः पाळलं. पाऊण तास मंद आचेवर बेसन परतलं, हात भरून आले, घरभर खमंग वास सुटला. वळताना लाडू गोल होते. तासाभराने परातीकडे बघते तर एकूण एक लाडू बसलेला! पेढ्यांसारखे चपटे, एकमेकांना चिकटलेले आणि परातीच्या कडेला तूप सुटलेलं. दिवाळीच्या तोंडावर एवढं साजूक तूप आणि अख्खी दुपार पाण्यात गेली.

घरच्यांचं म्हणणं, "तूप जास्त झालं असेल." झालंच होतं! पण ते मी माझ्या मनाने घातलं नव्हतं. दोन वाट्या म्हणाले, दोन वाट्या घातल्या.

राग इतका आला की घरातल्या सगळ्या वाट्या ओट्यावर मांडल्या. एकेक वाटी काट्यावर ठेवून काठोकाठ पाणी भरलं. पाणी मिलीलीटरला एक ग्रॅम भरतं, म्हणजे हिशोब सोपा. श्रीखंडाची वाटी ९० मिली. आमटीची १५०. कडेला गोठ असलेली जुनी १८०. आणि मी तुपाला घेतलेली २२०! चारही वाट्याच, चारही स्टीलच्या, एकाच मांडणीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या. माझ्या वाटीने दोन वाट्या पातळ तूप म्हणजे ४४० मिली, वजनात ४०० ग्रॅम. कृती लिहिणाऱ्या बाईंची वाटी १५० मिलीची असली तर त्यांचं तूप २७० ग्रॅम. अर्ध्या किलो बेसनात १३० ग्रॅम तूप जास्त पडल्यावर लाडू बसणार नाहीत तर काय होईल?

आणि मला सगळ्यात जास्त चीड याची येते की बेसन किलोत लिहिलंय. बेसन मोजायला काटा होता ना? मग तुपाचं भांडं त्याच काट्यावर ठेवायला काय झालं होतं? सगळं वाटीत सांगा, माझी काही तक्रार नाही. मोदकाच्या उकडीला एक वाटी पिठी, एक वाटी पाणी, हे प्रमाण कुठल्याही वाटीने घेतलं तरी जमतं, कारण दोन्हीकडे वाटी तीच. शंकरपाळ्यांना दूध, तूप, साखर एकेक वाटी, तिथेही तेच. पण एक जिन्नस किलोत, दुसरा वाटीत, तिसरा कपात आणि मोहन "दोन डाव" असं लिहिलं की ती कृती राहत नाही, फसवणूक होते. समोरची बाई पैसे घालून जिन्नस आणते, तिच्या वेळेलाही किंमत असते.

वर "पूर्वीच्या बायका कुठे मोजत होत्या, अंदाजानेच करायच्या" हे ऐकवतात. साफ चूक! पूर्वीच्या घरात मापं ठरलेली होती. कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. भाजणीचं धान्य त्याच मापाने घेतलं जायचं आणि माप शिगोशीग भरायचं की सपाट, हेही माहीत असायचं. १९५६ चा वजनमापांचा कायदा आला, दशमान पद्धत आली, शेर-मापटी माळ्यावर गेली. त्यांच्या जागी ग्रॅम आणि मिली यायला हवे होते. आली वाटी, जिला कसलंच माप नाही. माझ्या सासूबाईंच्या वहीत "नाव घातलेल्या वाटीने तीन" असं लिहिलंय. ती वाटी अजून घरात आहे, म्हणून त्यांचे अनारसे आजही जमतात. पन्नास वर्षांपूर्वीची ती वही आजच्या कृतींपेक्षा जास्त चोख आहे.

कपाची तऱ्हा तर विचारूच नका. अमेरिकेतला कप साधारण २४० मिली, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २००. आपल्याकडे निम्म्या घरांत कप म्हणजे चहाचा कप, जो जेमतेम दीडशेचा. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिली, ऑस्ट्रेलियात २०. आणि आपला "एक चमचा" पोह्याचा की चहाचा, ते सांगायची तसदीही कुणी घेत नाही.

याहून संतापजनक म्हणजे "एक कप म्हणजे २५० ग्रॅम" असं ठोकून देणारे. अहो, पाण्याचा! मैद्याचा कप १२५ ग्रॅमच्या आसपास भरतो, साखरेचा २०० च्या. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर सुद्धा ९१० ग्रॅम छापलेलं असतं, ते तरी वाचा. तीच २२० ची वाटी मी बेसनाने भरून पाहिली. चाळून हलक्या हाताने भरली तर ९० ग्रॅम, ठोकून दाबून भरली तर १२०. वाटी तीच, बेसन तेच, फरक ३० ग्रॅमचा. गोठलेलं रवाळ तूप आणि पातळ केलेलं तूप, किसलेला गूळ आणि चिरलेला गूळ, सगळीकडे हाच घोळ.

मीठ चवीनुसार, मान्य. पाणी लागेल तसं, तेही मान्य, कारण प्रत्येक पीठ वेगळं पाणी पितं. पण तूप, साखर, गूळ, मोहन यांना ग्रॅम लिहा. नाहीतर निदान "आमची वाटी १५० मिलीची" ही एक ओळ वर लिहा. एकच ओळ मागतेय मी!

काल नारळाच्या वड्यांची कृती उघडली. पहिलीच ओळ: "दोन फुलपात्री ओलं खोबरं, ३०० ग्रॅम साखर." फोन बंद केला आणि खवलेला नारळ फ्रीजमध्ये ठेवून दिला.