अटॅकमध्ये एकच ब्लॉक उघडला, म्हणजे फसवलं असं नाही

सध्या सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: "अँजिओग्राफीत तीन ब्लॉक दिसले तरी हॉस्पिटलवाले एकच उघडतात, बाकीचे दुसऱ्या बिलासाठी राखून ठेवतात. सगळे एकदमच उघडायला लावा, नाही ऐकलं तर पेशंट हलवा. आणि एकदा पेशंट चालता झाला की पुन्हा जाऊच नका, उरलेले ब्लॉक लसूण-आल्याच्या काढ्याने विरघळतात."

मी मिरजेत कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओग्राफी करतात आणि ब्लॉक उघडतात तिथे, टेक्निशियन आहे. हा मेसेज मला जतहून मामींनी पाठवला, मामांना अटॅक येऊन नऊ दिवस झाले होते तेव्हा. खाली एवढंच लिहिलं होतं, "खरं हाय काय रे हे?" मामी, खरं नाही. का नाही, ते सांगतो.

"बिलासाठी राखून ठेवतात." मोठा अटॅक येतो तेव्हा बहुतेक वेळा एकाच रक्तवाहिनीतला चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी बसते आणि रक्त थांबतं. तिथून पुढे हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत जातो. ती वाहिनी आधी उघडायची, बाकी सगळं नंतर. अशा पेशंटपैकी जवळपास निम्म्यांना दुसरीकडेही ब्लॉक असतात, पण ते वर्षानुवर्षं हळूहळू साचलेले, त्यातून रक्त अजून वाहत असतं. पेशंट स्थिर असेल तर त्या वेळी इतर वाहिन्यांना हात लावू नका, असं 2015 पर्यंत अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतच होतं. एकच ब्लॉक उघडायची पद्धत त्या नियमातून आली, बिलातून नाही.

"सगळे एकदमच उघडायला लावा." यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. 2023 च्या मल्टीस्टार्स नावाच्या वैद्यकीय चाचणीत 840 स्थिर पेशंट होते. निम्म्यांचे सगळे ब्लॉक त्याच वेळी उघडले, निम्म्यांचा अटॅकचा ब्लॉक लगेच आणि बाकीचे 19 ते 45 दिवसांत. एकदम उघडलेल्यांचे निकाल उशिरा उघडलेल्यांपेक्षा वाईट आले नाहीत. त्यामुळे "आजच का नाही?" हे विचारायचा नातेवाइकांना पूर्ण हक्क आहे, आणि घाईत असलो तरी दोन वाक्यांत उत्तर देणं आमच्या क्षेत्राचं काम आहे. तिथे आम्ही कमी पडतो, आणि अशा मेसेजना तिथूनच खतपाणी मिळतं.

पण बीपी कोसळलेल्या, हातपाय गार पडलेल्या पेशंटसाठी हाच हट्ट जिवावर बेततो. 2017 च्या कल्प्रिट-शॉक चाचणीत अशाच 706 जणांचा अभ्यास झाला. फक्त अटॅकची वाहिनी उघडलेल्यांत 30 दिवसांत मृत्यू किंवा डायलिसिसची वेळ आली 45.9 टक्क्यांवर, सगळ्या एकदम उघडलेल्यांत 55.4 टक्क्यांवर. कारण जास्त वेळ, जास्त डाय (वाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडायचं औषध) आणि आधीच थकलेली किडनी. टेबलावरचा पेशंट कोणत्या अवस्थेत आहे हे मेसेज लिहिणाऱ्याला दिसत नसतं.

"पेशंट हलवा" हे तर सगळ्यांत घातक. पहिल्या एक-दोन दिवसांत ठोके अचानक बिघडू शकतात. तेव्हा मॉनिटर आणि शॉक देणारं यंत्र पेशंटच्या उशाशी हवं.

"पुन्हा जाऊच नका." माझा खरा राग या ओळीवर आहे. 2019 च्या कम्प्लीट चाचणीत 31 देशांतले 4,041 पेशंट होते. उरलेले मोठे ब्लॉकही 45 दिवसांच्या आत उघडलेल्यांत साधारण तीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा नवा अटॅक 7.8 टक्के, फक्त पहिलाच उघडलेल्यांत 10.5 टक्के. फायदा मुख्यतः नवे अटॅक टळण्यात दिसला, मृत्यूंत ठळक फरक नव्हता, हेही सांगायला हवं. पण बागेत किंवा ऊसतोडीला उन्हात राबणाऱ्या माणसाचा दुसरा अटॅक टळणं लहान गोष्ट नाही. मधुमेह आणि तिन्ही वाहिन्या खराब असतील तर कधी स्टेंटऐवजी (वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीऐवजी) बायपास ठरते, तीही याच मुदतीत बोलून घ्यायची.

काढ्याने ब्लॉक विरघळत नाही. त्या थरात चरबीबरोबर तंतू आणि कॅल्शियम असतं. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीने तो थर घट्ट होतो, फुटायची शक्यता घटते. काढा घ्यायचाच तर डॉक्टरांना सांगून घ्या, पण त्यापायी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने थांबवू नका. नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर पुन्हा अटॅकच येतो.

पैशांची भीती खरी आहे, ती मी झटकत नाही. पण स्टेंटच्या किमतीवर 2017 पासून सरकारी मर्यादा आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. दुसऱ्या टप्प्याची मंजुरी कशी घ्यायची, हे डिस्चार्जआधीच हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला पेशंट न्यावा लागत नाही.

मामांना जतला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊन मिरजेला आणलं होतं. दुसऱ्या दिवशी अटॅकची, हृदयाच्या पुढच्या बाजूची वाहिनी उघडली. उजवीकडचा 80 टक्क्यांचा ब्लॉक पस्तिसाव्या दिवशी उघडला. तिसरा 60 टक्क्यांचा दिसत होता. त्यात प्रेशर वायर (दाब मोजणारी बारीक तार) घालून ब्लॉकच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजला, पलीकडच्या दाबाचं अलीकडच्या दाबाशी गुणोत्तर 0.86 आलं. 0.80 च्या वर असेल तर सहसा स्टेंट लागत नाही, म्हणून त्याला हात लावला नाही. त्याच्यावर फक्त गोळ्या चालू आहेत.