ऋण काढून बंदर

समजा, उद्या तुम्ही एखाद्या छोट्याशा बेटाचे राष्ट्राध्यक्ष झालात. (घरात दोन-चार भाऊ राजकारणात असले की सोपं जातं.) तर पहिलं काम, बंदर बांधायला घ्या. आणि तेही आपल्याच गावाकडे. श्रीलंकेच्या महिंदा राजपक्षेंनी हंबनटोटा काय उगीच निवडलं? कोलंबोचं बंदर उत्तम चाललंय, दुसरं कशाला, असं कुणी म्हणालंच तर नकाशा उघडा आणि दक्षिणेकडून जाणारा पूर्व-पश्चिम जलमार्ग दाखवा. जहाजं जातात हे खरंच आहे. थांबतील का, ते पुढचं सरकार बघेल.

पैशाची काळजी नको. चीनच्या एक्झिम बँकेने पहिल्या टप्प्याला ३० कोटी ७० लाख डॉलर दिले, व्याज ६.३ टक्के. ठेकेदारही चिनीच. म्हणजे पैसा त्यांच्या या खिशातून त्या खिशात, आपल्याकडे मुक्कामाला फक्त हप्ता.

उद्घाटनाला मुहूर्त बघताना पंचांग नको, जन्मदाखला काढा. १८ नोव्हेंबर २०१० ला महिंदांना ६५ वर्षं पूर्ण झाली आणि बंदराची फीतही त्याच दिवशी कापली गेली. आता बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक होता, मांडवाच्या दारात उखळ राहून जावं तसा, आणि मोठी जहाजं आत येईनात. असू दे. तो फोडायला आणखी ४ कोटी डॉलर मोजा. एवढं करून २०१२ साली आली ३४ जहाजं. वर्षाला हं, आठवड्याला नव्हे. तर मग मोटारींची आयात कोलंबोहून इकडे वळवा, धक्का भरलेला दिसतो.

बंदर एकटं पडू नये म्हणून जवळ मत्तलाला विमानतळही उभारा, स्वतःच्याच नावाचा. विमानं नाही आली तर भात साठवता येतो. तिथे खरंच साठवला होता. २०१६ मध्ये हत्ती-हरणं हाकलायला तिथे फटाके घेऊन जवान पाठवावे लागले. म्हणजे वर्दळ नव्हती असं कुणी म्हणू नये!

हप्ते जड झाले की २०१७ सारखं करा: बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चायना मर्चंट्स या चिनी बंदर-कंपनीला, १.१२ अब्ज डॉलरला. या पैशातून बंदराचं कर्ज फिटलं असं वाटलं ना? छे. ते डॉलर परकीय गंगाजळीत गेले, कर्ज सरकारच्या डोक्यावर तसंच. बिऱ्हाडकरू आला, हप्ते घरमालकाकडेच.

आणि एप्रिल २०२२ सारखे ‘परकीय कर्ज फेडता येत नाही’ म्हणत हात वर करायची वेळ आली, की चीनच्या नावाने बोटं मोडा. परकीय कर्जात सर्वांत मोठा वाटा आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता, हे सांगत बसू नका. रोखे कुठे जहाजासारखे फोटोत येतात?

बाकी हंबनटोट्याचं बरं चाललंय. जानेवारी २०२५ मध्ये सायनोपेक या चिनी तेल कंपनीशी ३.७ अब्ज डॉलरच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा करार झाला. कोनशिलेला तारीख हवी असेल, तर नव्या राष्ट्राध्यक्षांचा वाढदिवसही नोव्हेंबरातच येतो.