नोटीस बजावली, पुढे काय?

जुन्या इमारतीची गॅलरी कोसळली की पहिला खुलासा ठरलेला असतो, "मालकाला नोटीस दिली होती." नोटिशीनंतर तिथे पुन्हा कोण गेलं, कधी गेलं, काय पाहिलं, याची नोंद मागा. ती क्वचितच मिळते. इमारत देखभालीचे नियम माझ्या मते इथेच अडतात, दुसऱ्या भेटीपाशी.

साधा हिशोब करू. एक निरीक्षक दिवसाला ५ इमारती नीट पाहू शकतो, वर्षाला २०० दिवस. म्हणजे १,००० भेटी. पाहणी, काम चालू असताना तपासणी आणि शेवटची फेरतपासणी धरली तर एका इमारतीला किमान ३ भेटी लागतात. म्हणजे वर्षाला साधारण ३३० इमारती. समजा शहरात २०,००० जुन्या इमारती आहेत आणि प्रत्येक १० वर्षांतून एकदा पाहायची आहे, तर फक्त या कामाला ६ माणसं लागतील. आकडा अशक्य नाही. पण शहर वाढायला लागलं की हीच माणसं नव्या बांधकाम परवानग्यांकडे वळवली जातात. तिथे शुल्क मिळतं, बिल्डरचा तगादा असतो. जुन्या इमारतीसाठी तगादा लावणारं कोणी नसतं.

नोटिशीची भाषाही पाहा. "आवश्यक ती दुरुस्ती ३० दिवसांत करून घ्यावी." आवश्यक म्हणजे नेमकी कोणती? मालक गिलावा करून रंग मारतो आणि दुरुस्ती केली म्हणून कळवतो. हीच नोटीस अशी लिहिता येते: तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी, तळाला सुमारे २ चौरस मीटर काँक्रीट सुटलेलं, ३ सळया उघड्या. गॅलरीचा वापर आजपासून बंद. २४ तासांत टेकू. १५ दिवसांत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल. ६० दिवसांत दुरुस्ती. फेरतपासणीची तारीख नोटिशीतच. सोबत फोटो, फोटोत मोजपट्टी. अशी नोटीस कोर्टातही टिकते.

गॅलरीचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण तिथे सगळ्यांचीच नजर चुकते. भिंतीतून बाहेर आलेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. लादीच्या सांध्यांतून झिरपणारं पाणी आधी तिलाच गाठतं आणि आपण मात्र खाली उभे राहून तळाचे पोपडे बघत बसतो. काँक्रीट ताजं असताना त्याचा पीएच, म्हणजे क्षारता सांगणारा आकडा, १२ च्या वर असतो आणि तोच सळईला जपतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत जाऊन पीएच ९ च्या आसपास उतरला की सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो, म्हणून काँक्रीट फुटतं. १२ मिमीची सळई १० मिमी उरली की तिचं क्षेत्रफळ तीस टक्के घटलेलं असतं. डोळ्यांना हा फरक २ मिमीचाच दिसतो! त्यावर कोणी गळती थांबवायला ५० मिमीचा कोबा आणि नवी लादी चढवली तर दर चौरस मीटरला १०० किलोहून अधिक वजन वाढतं, तेही सर्वांत कमजोर जागी.

म्हणूनच मधली भेट महत्त्वाची. टेकू लावून सैल काँक्रीट काढलं, सळई मागच्या बाजूनेही मोकळी करून घासली की व्हर्निअरने, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या साधनाने, तिची जाडी मोजायची. दुरुस्तीचं मॉर्टर चढल्यावर आतलं काही कळत नाही. हा टप्पा पाहिल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला देऊच नये.

केवळ तक्रारींवर चालणारी व्यवस्था मला मान्य नाही. भाडेकरू तक्रार करत नाही, कारण त्याला घर जाण्याची भीती असते. पाळीने तपासणी हवी. न्यूयॉर्कमध्ये सहा मजल्यांपेक्षा उंच इमारतींचे दर्शनी भाग दर ५ वर्षांनी तपासावे लागतात. १९७९ मध्ये इमारतीचा तुकडा पडून एक विद्यार्थिनी दगावली, तेव्हा १९८० मध्ये तिथे हा कायदा आला. सिंगापूरमध्ये १९८६ साली हॉटेल न्यू वर्ल्ड कोसळून ३३ जण गेले. आज तिथे निवासी इमारतींची दर १० वर्षांनी आणि इतर इमारतींची दर ५ वर्षांनी संरचनात्मक तपासणी होते. हाँगकाँगने २०१२ पासून ३० वर्षांवरच्या इमारतींसोबत जुन्या खिडक्यांचीही तपासणी सक्तीची केली.

दंडाबद्दल थोडक्यात. ज्याच्याकडे पैसे आहेत आणि तरी टाळतो त्याला रोजचा दंड लावा. ज्याच्याकडे नाहीतच त्याला दंड लावून उरलेले दुरुस्तीचे पैसेही काढून घेऊ नका. पालिकेने धोकादायक भाग स्वतः दुरुस्त करावा आणि खर्चाचा बोजा मिळकतीवर चढवावा, विक्रीच्या वेळी वसूल होईल.

इमारत रिकामी करायचीच वेळ आली तर त्याआधी प्रत्येक खोलीत कोण राहतं, मोजलेलं क्षेत्रफळ किती, भाडं किती, याची सही-शिक्क्याची प्रत रहिवाशाच्या हातात पडली पाहिजे. ती मिळत नाही, परत घर मिळण्यासाठी हातात पुरावा राहत नाही, म्हणून माणसं टेकूंखाली राहत राहतात.