कर्त्या पुरुषाने थीम पार्कची सहल कशी आखावी

जेवताना ताटावरून मान वर न करता जाहीर करा, "या दिवाळीच्या सुट्टीत सगळे पार्कला जाऊ." आवाज असा लागला पाहिजे की पार्क तुमच्या आजोबांनीच बांधलंय. एवढं केलंत की तुमच्या वाट्याचं नियोजन जवळपास संपलं. उरलेलं वहिनी, म्हणजे तुमच्या सौभाग्यवती, बघतील.

जवळचं ठिकाण कोणी सुचवलंच तर तिथल्या तिथे हाणून पाडा. पाटणादेवी शाळेच्या सहलीत झाली. उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, पण त्या पाण्याला तिकीट नाही, मग त्यात भिजून सांगायचं काय? अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर. इतकं जवळ, म्हणजे कधीही जाता येतं, म्हणून आपण अजून गेलेलो नाही. लेणी बघायला जपानहून माणसं येतात, ती पुरेशी आहेत. आपण खोपोलीकडे जायचं. तिथे २०१३ ला इमॅजिका उघडलं तेव्हापासून गल्लीतल्या निम्म्या घरांच्या स्टेटसवर त्याचे फोटो येऊन गेलेत, आता इभ्रतीचा प्रश्न आहे. शिवाय एक जुना हिशेब बाकी आहे. गोराईच्या एस्सेलवर्ल्डची जाहिरात टीव्हीवर लागली की तुम्ही हातपाय आपटून रडायचात. ते १९८९ ला सुरू झालं, २०२२ ला बंदही पडलं, आणि तुमच्या वडिलांचं "पुढच्या वर्षी जाऊ" अजून चालूच आहे.

जळगावहून खोपोली चारशे किलोमीटरच्या वर जातं. म्हणून ही सहल एका दिवसाचीच ठेवा. रात्री निघायचं, दिवसभर पार्क, रात्री परत. मुक्कामाचा विचारही नको, लॉजवाल्याला पैसे देऊन झोपण्यापेक्षा क्रूझरमध्ये फुकट जागलेलं काय वाईट? क्रूझर तेरा सीटची असते. माणसं मोजत बसू नका. जावई पुढे, नाना आणि आप्पा मधे, आणि मागच्या आडव्या बाकांवर बायका, पोरं, डबे आणि शेतातून आणलेला केळीचा घड.

रस्त्याचा निर्णय मात्र तुमचा. इगतपुरीहून समृद्धी महामार्गावर चढलं की जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाटाखाली निघून सरळ भिवंडीजवळ आमण्याला उतरता येतं; तो शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. पण टोल कोण भरणार? कसारा घाटातून या. मागच्या बाकावरच्या पोरांना वळणावळणाला उलट्या होतील. तुम्ही मधल्या सीटवर आहात, तुम्हाला कोणी पुसायला सांगणार नाही.

खाण्याची चिंता करू नका, फक्त फर्माईश करा. प्रवासात टिकतात म्हणून दुधातल्या दशम्या. पोरांना पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, चिवडा. आणि थंडी पडायला लागली आहे तर भरीत हवंच, सोबत कळण्याची भाकरी. वांगी तुराट्यांवरच भाजलेली हवीत, गॅसवर भाजलेल्या भरताला तुम्ही भरीत म्हणत नाही, ही आठवण वहिनींना निघायच्या दिवशी दुपारी करून द्या. आधी सांगितलं तर त्यातली गंमत जाते.

बाहेरचे खाद्यपदार्थ बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत. तसं वेबसाइटवर लिहिलेलं असतं, म्हणूनच ते वाचायचं नसतं. फाटकावरचा गार्ड डबा उघडायला लावेल, तेव्हा वाद घालू नका, खान्देशी माणसासारखी ओळख काढा: "कोन्तं गाव भाऊ तुझं?" तो पारोळ्याचा निघाला तर उत्तमच. डबा तरीही अडवेल, पण 'मामा' म्हणून अडवेल. मग अख्ख्या खटल्याने पार्किंगमध्ये सतरंजी टाकून सकाळी दहाला दुपारचं जेवण उरकायचं. चार तासांनी पुन्हा भूक लागेल. आतल्या स्टॉलवर फळांच्या प्लेटमध्ये केळ्याच्या चार चकत्या दिसतील. त्या प्लेटचा भाव आणि रावेरच्या शेतकऱ्याच्या हाती पडणारा क्विंटलचा भाव यांची तुलना करू नका, सुट्टी आहे. तुमचा घड गाडीत पिकतोय.

तिकिटाच्या खिडकीवर एक संकट आहे. एसटीत पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नाही, म्हणून आपल्याकडची पोरं पहिली पास होईपर्यंत चार वर्षांचीच असतात. पार्कवाल्याने ही पळवाट बुजवली आहे. तो वय विचारतच नाही, पोराला भिंतीवरच्या पट्टीला उभं करून उंची मोजतो. तेव्हा पोराला घरीच तालीम द्या. खिडकीशी गुडघे वाकवायचे, मान खांद्यात घालायची. आत मोठ्या राइडपाशी पुन्हा तशीच पट्टी असते, पण तिथे अमुक उंचीखाली बसू देत नाहीत, म्हणून टाचा उचलायच्या आणि केस फुगवायचे. दोन्हींत गल्लत झाली तर पूर्ण तिकीट काढून पोरगं बाहेर उभं राहतं आणि भोकाड पसरतं.

नानांना रोलर कोस्टर दाखवा. ते बसणार नाहीत, पण "किती एचपीची मोटर शे?" हे त्यांनी विचारल्याशिवाय रांग पुढे सरकणार नाही. त्यांना सांगा, साखळी डबे एकदा वरच्या टोकापर्यंत ओढून नेते, पुढे इंजिन नाही, उतारावर आपल्याच वजनाने पळतात. नाना तुमच्याकडे कीव आल्यासारखे पाहतील. "मंग कसारामा आपला ड्रायव्हर न्यूट्रल टाकी उना, त्यानं काय तिकीट लिधं का त्यानी?" यावर तुमच्याकडे उत्तर नसेल. सारंगखेड्याच्या जत्रेतल्या पाळण्याचा विषय निघायच्या आत रांगेत पुढे व्हा.

आता सामानाचं. लॉकरला भाडं पडतं, वर डिपॉझिट. वहिनी बरोबर असताना हा खर्च कशासाठी? राइडच्या बाहेर एक बाक बघून त्यांना बसवा. पोरांच्या बाटल्या, जावयाचा गॉगल, आक्कांची पर्स, आप्पांची कवळी, सगळ्यांचे मोबाइल आणि चपलांचा ढीग त्यांच्या हवाली करा. एकदा विचारायचं, "तू नाही का बसत?" त्या म्हणतील, "मला चक्कर येते." दुसऱ्यांदा विचारू नका. रात्रभर घाटात मागच्या आडव्या बाकावर पोरांच्या तोंडापाशी पिशव्या धरताना त्यांना चक्कर कशी आली नाही, असला प्रश्न तर मनातही आणू नका. मांडीवरचा एखादा फोन वाजला तर त्या उचलतीलच आणि खरं तेच सांगतील: "ते आत्ताच वर गेले." गावाकडून पुढचे पंधरा मिनिटं जे फोन येतील तेही त्याच घेतील.

त्यांचं तिकीट मात्र पूर्ण काढा. सगळ्यांसारखं. त्यात भेदभाव नको.

पाण्याच्या विभागात सुती कपडे आणि साडी चालत नाही, नायलॉनचा पोशाख लागतो. आक्का तो पोशाख हातात धरून बघतील आणि त्याच बाकावर वहिनींशेजारी येऊन बसतील. दोघींचा दिवस बरा जाईल. तुम्ही लाटांच्या तलावात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पोट आत ओढा आणि बाकाच्या दिशेने ओरडा, "अगं, फोटो काढ!"

घरी पोचेस्तोवर उजाडेल. ओल्या कपड्यांची पिशवी मोरीत ठेवून द्या, तिचं पुढे आपोआप काहीतरी होतं. फ्रिजजवळ भरताचा रिकामा डबा, पिवळे पडलेले घडातले केळे, दूधवाल्याची हाक, यातल्या कशाकडेही लक्ष देऊ नका. शेजारच्यांनी "कशी झाली सहल?" विचारलं तर पलंगावर आडवे होत म्हणा, "मजा आली, पण दमलो बुवा, सगळं एकट्यालाच बघावं लागलं." मग चहा सांगा. साखर कमीच टाकायला सांगा, काल बाहेरचं फार झालंय.