ॲसिडला घाबरतो तो नवखा

क्लीनरूममध्ये, म्हणजे चिपा बनवण्याच्या धूळमुक्त खोलीत, रुळायचं असेल तर आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: ही खोली तुमच्यासाठीच बांधली आहे. टोपी, मास्क, पांढरा सूट, बूट असा सगळा साज चढवून आरशात पाहिलंत की छाती आपोआप फुगेल. फुगू द्या. हा सूट तुमच्या कातडीचे आणि केसांचे कण वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, पडू नयेत म्हणून दिलेला असतो, ॲसिड अडवण्यासाठी नाही, असली कुजकट माहिती देणारे लोक प्रत्येक लॅबमध्ये असतात. त्यांच्या नादी लागू नका. क्लास १०० च्या खोलीत दर घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभरावर जाऊ देत नाहीत. एवढ्या निर्मळ हवेत माणसाला काय होणार? ॲसिडची वाफ कण मोजणाऱ्या यंत्राला दिसत नाही. जे मोजलंच जात नाही त्याची काळजी कशाला?

वेट बेंचजवळ, म्हणजे ॲसिडची कामं करायच्या ओट्याजवळ, जाड ॲप्रन, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि फेस शील्ड टांगलेलं दिसेल. ते तपासणीला येणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या हातात पातळ नायट्राइलचे मोजे आहेतच की. त्यांना बारीक भोक आहे का, ते ॲसिड ओतताना कळेलच.

आता एचएफ, म्हणजे हायड्रोफ्लोरिक ॲसिड. याच्याशी मैत्री झाल्याशिवाय तुम्हाला कुणी अनुभवी म्हणणार नाही. पाठ्यपुस्तकात याला चक्क दुर्बल आम्ल म्हटलंय, मग भ्यायचं कशाला? सल्फ्युरिक आगाऊ असतं, अंगावर पडलं की लगेच बोंबलायला लावतं. एचएफ सभ्य. त्याचे बरेचसे रेणू पाण्यात न फुटता अखंड राहतात, आणि म्हणूनच कातडीतून बिनबोभाट आत उतरतात. मग त्यातलं फ्लोराइड कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरत सुटतं. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की हृदयाचा ठोका चुकतो. अर्थात प्रेमातही तो चुकतोच, एवढं काय मनावर घ्यायचं. द्रावण सौम्य असेल तर दुखणं कित्येक तासांनी, कधी कधी तर दुसऱ्या दिवशी सुरू होतं. तेव्हा मनगटावर थेंब पडला आणि दुखलं नाही, तर ते पाणीच होतं असं समजून पुढच्या वेफरला हात घाला. दिसायला दोन्ही सारखीच.

उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल ठेवतात. ते कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाच्या खिशात, हीच त्याची योग्य जागा. मुदत संपल्याची तारीख वाचत बसू नका, उगाच मन खट्टू होतं. ओतायला काचेचं बीकर घ्या. एचएफ काच खातं हे खरं, सिलिकॉनवरचा ऑक्साइड काढायला आपण ते वापरतो तेही याच गुणामुळे. पण प्लॅस्टिकच्या भांड्याला काचेची शान नाही.

पिरान्हाची मजा वेगळी. सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, साधारण तीनास एक. मिसळलं की आपोआप शंभर अंशांच्या वर तापतं, शेगडीचा खर्च वाचतो. पेरॉक्साइड ॲसिडमध्ये सावकाश घालायचं असतं म्हणे. पण उलट घातलं तर काय होतं हे बघण्याचं कुतूहल नसेल, तर संशोधनात आलात तरी कशाला? शेजारी ॲसिटोनची बाटली उघडी असावी, कारण जागा नेहमीच कमी पडते. पिरान्हाला सेंद्रिय पदार्थ इतके आवडतात की दोघांची गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो. काम झाल्यावर उरलेलं द्रावण गरम असतानाच बाटलीत भरा आणि झाकण गच्च लावा. ऑक्सिजन सुटत राहतो, त्याला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून झाकणाला छिद्र ठेवतात. ते गबाळं दिसतं.

बाटलीवर लेबल लावणं हा सहकाऱ्यांच्या बुद्धीचा अपमान आहे. फार तर 'ॲसिड, जुनं' एवढं पुसट लिहा.

ही सगळी कामं रात्री, एकट्याने करावीत. सोबत कुणी असलं की आधी शॉवर कुठे आहे ते विचारतं, मग चष्मा का नाही घातला म्हणतं, तंद्री मोडते.

एवढं करूनही पहाटे बोटाचं टोक ठणकू लागलं आणि वरून कातडी धड दिसत असूनही नखाखाली आग होऊ लागली, तर वेदनाशामक गोळी घेऊन झोपा. अगदीच असह्य झालं तर दवाखान्यात जा, पण एचएफचं नाव काढू नका. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणा, "काही विशेष नाही, जरा भाजलंय." ते बिचारे साध्या भाजण्याचं मलम लावून देतील आणि तुम्ही नऊच्या मीटिंगला वेळेवर पोहोचाल.