ट्रकचा मोटर-ब्रेक शून्यावर टाकायला सांगणारा तो मेसेज

"मामा, मोटरचा ब्रेक शून्यावर टाकलाय. आता डिस्क ब्रेक बसवलाय," असं भाच्याने गेल्या रविवारी मैदानावर सांगितलं तेव्हा ट्रक सुटलेला होता. 1/8 मापाचा, रिमोटवर चालणारा (आरसी) इलेक्ट्रिक मॉन्स्टर ट्रक, वजन पाच किलो, चार सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. सरळ धावेच्या टोकाला त्याने ब्रेकचं बटण दाबलं, सर्वोपासून (ब्रेक ओढणाऱ्या छोट्या मोटरपासून) डिस्ककडे जाणाऱ्या दांडीचा सांधा, म्हणजे बॉल-लिंक, निसटली आणि ट्रक वेग न सोडता कंपाउंडच्या भिंतीवर आदळला. तिथून दहा पावलांवर सात-आठ वर्षांची पोरं क्रिकेट खेळत होती. पुढचा आर्म तुटला, तो नवीन आणता येतो. ट्रक चार हात डावीकडे गेला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

हे सगळं त्याने एका फॉरवर्डवरून केलं. तोच मेसेज मला वेगवेगळ्या आरसी ग्रुपांवर चारदा आला आहे. त्यात म्हटलंय ते असं: मोटरने ब्रेक लावला की वीज उलटी जाते, लायपो ओव्हरचार्ज होऊन पेटते. ईएससी (मोटरचा वेग आणि ब्रेक सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) जळतो. गिअरचे दात उडतात. खऱ्या गाड्यांना डिस्क असते, नायट्रो (छोट्या इंधन-इंजिनाच्या) ट्रकलाही असते, मग इलेक्ट्रिकलाच का नाही? म्हणून ईएससीमधला ब्रेक शून्य करा, वेगळा सर्वो लावा, तो तिसऱ्या चॅनलवर (रिमोटच्या वेगळ्या बटणाच्या सिग्नलवर) जोडा आणि डिस्क बसवा. सर्व ट्रकवाल्यांना पाठवा.

तिसऱ्या चॅनलपासूनच सुरुवात करतो, कारण या मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ तीच आहे आणि तिच्याबद्दल कोणीच काही बोलत नाही.

पिस्तुलासारख्या ट्रान्समीटरवर ट्रिगर ओढला की थ्रॉटल, पुढे ढकलला की ब्रेक. ही सवय बोटात बसलेली असते. समोर अचानक कुत्रं आलं, मूल आलं, तर विचार करायच्या आधीच बोट ट्रिगर पुढे ढकलतं. ईएससीचा ब्रेक शून्य केल्यावर त्या ढकलण्याने काहीच होत नाही. ब्रेक आता अंगठ्याखालच्या बटणावर गेलेला असतो. बऱ्याच स्वस्त ट्रान्समीटरांवर तिसरा चॅनल म्हणजे नुसता चालू-बंद खटका असतो. थोडा ब्रेक, जास्त ब्रेक असं त्यात काही नाही: एक तर काहीच नाही, नाहीतर चाकं जाम. साठच्या वेगात चाकं जाम झाली की ट्रक कुठे वळेल ते कोणाच्याच हातात उरत नाही.

दुसरी गोष्ट फेलसेफची. सिग्नल तुटला तर ट्रकमधल्या रिसीव्हरने काय करायचं ते आधी ठरवून ठेवतात, त्याला फेलसेफ म्हणतात. भाच्याच्या रिसीव्हरवर आम्ही दोघांनी बसून तपासलं. फेलसेफ फक्त थ्रॉटलच्या चॅनलला आहे, तिसऱ्याला नाही. म्हणजे सिग्नल गेला तर थ्रॉटल सुटणार, पण ब्रेकचा सर्वो शेवटच्या जागेवर तसाच बसून राहणार, आणि ती जागा म्हणजे उघडी डिस्क. ट्रक घरंगळत जिथे जाईल तिथे जाईल. मोटरचा ब्रेक थ्रॉटलच्याच चॅनलवर असल्यामुळे तिथे फेलसेफ ब्रेकच्या बाजूला ठेवता येतो आणि सिग्नल तुटताच ट्रक आपोआप थांबतो. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकी तीच सोय काढून टाकायला सांगितली आहे.

ज्यांनी हा मेसेज पाहून बदल केलेत त्यांनी आजच एक करावं. ट्रक विटेवर ठेवा, चाकं मोकळी. हलका थ्रॉटल द्या आणि ट्रान्समीटर बंद करा. चाकं थांबली पाहिजेत. नुसती हळू होत फिरत राहिली, तर तो ट्रक मैदानात नेऊ नका. आणि डिस्क हवीच असेल तर वाय-केबलने (एकाच्या दोन होणाऱ्या तारेने) थ्रॉटलचाच चॅनल ईएससी आणि सर्वो दोघांना द्या. नायट्रोचे ट्रक इलेक्ट्रिक करणारे सुरुवातीचे लोक असंच करायचे, कारण ट्रिगर एकच राहतो.

आता लायपो पेटण्याबद्दल. हिशोब शाळेतला आहे. पाच किलोचा ट्रक ताशी 60 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे 16.7 मीटरने धावत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे 700 ज्यूल होते. चार सेलची 5000 एमएएचची लायपो म्हणजे 14.8 व्होल्ट गुणिले 5 अँपिअर-तास, 74 वॉट-तास, म्हणजे साधारण 2 लाख 66 हजार ज्यूल. पूर्ण वेगातून थांबताना सगळीच्या सगळी ऊर्जा बॅटरीत परत गेली असं धरलं तरी ती पाव टक्का भरते. आणि सपाट मैदानावर ती ऊर्जा त्याच बॅटरीने काही सेकंदांपूर्वी दिलेली असते. दिल्यापेक्षा जास्त परत येणार कुठून? प्रत्यक्षात बराचसा भाग परत जातच नाही. ब्रेक लावताना ईएससी मोटरच्या तारा आतल्या आत जोडतो, फिरणारी मोटर स्वतःच वीज तयार करते, तो प्रवाह गुंडाळ्यांतून फिरून तिलाच अडवतो आणि ऊर्जा मुख्यतः उष्णता होऊन जाते.

यात तथ्य आहे ते एवढंच: बॅटरीऐवजी टेबलावरच्या पॉवर सप्लायवर ट्रक चालवून जोरात ब्रेक मारू नका. सप्लाय परत आलेली वीज घेऊ शकत नाही, व्होल्टेज चढतं आणि ईएससी जाऊ शकतो. बॅटरीचा कनेक्टर ढिला असेल तरी तेच. यावर उपाय कनेक्टर बदलणं हा आहे.

ईएससी जळतो, मोटर जळते? वरचे 700 ज्यूल घ्या. या मापाची मोटर 350 ग्रॅमच्या आसपास असते, तांबं आणि लोखंड. सगळी उष्णता तिच्यातच गेली असं मानलं तरी एका पूर्ण थांब्याने ती चार-पाच अंश तापेल. तीच उष्णता 25 ग्रॅमच्या पोलादी डिस्कमध्ये गेली तर डिस्क साठेक अंश तापेल. तापणं डिस्कने संपत नाही, जागा बदलते. हो, दर दहा सेकंदांनी पूर्ण वेगातून ब्रेक मारत राहिलात तर हे चार-पाच अंश साचत जातात आणि मोटर हात लावू देत नाही. हे खरं आहे. पण त्यावर आधी पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) एक-दोन दात लहान करायचा, ब्रेकची टक्केवारी उतरवायची, पंखा साफ करायचा. चांगल्या ईएससीत तापमानाचं संरक्षण असतं, तेही बंद करून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

गिअरच्या दातांचं मात्र मला अर्धं मान्य करावं लागतं. हॉबीविंगच्या ईएससीचं माहितीपत्रक काढून वाचा. कमाल ब्रेक-फोर्सच्या सेटिंगखाली सरळ लिहिलंय की जास्त ब्रेकने थांबण्याचा वेळ कमी होतो, पण पिनियन आणि स्पर गिअर (पिनियन फिरवतो तो मोठा गिअर) खराब होऊ शकतात, म्हणून गाडीला आणि तुम्हाला जुळेल तेवढाच ठेवा. उत्पादकच सांगतोय की हा आकडा कमी-जास्त करण्यासाठी आहे. 100 टक्क्यांवरून 60 वर आणणं आणि 100 वरून शून्यावर आणणं यात फरक आहे. शिवाय डिस्कने दात वाचतात हेही पूर्ण खरं नाही. डिस्क गिअरबॉक्सच्या बाजूला पकडते, पण मोटरचा रोटर हजारो आरपीएमने फिरतच असतो. त्याला थांबवायला जोर जातो तो पिनियन-स्परच्या दातांतूनच. नायट्रोत मध्ये क्लच असतो म्हणून हा प्रश्न येत नाही.

नायट्रोचं उदाहरण तर मुळातच चुकीचं आहे. तिथे डिस्क आहे कारण दुसरा मार्गच नाही. आयडलला सेंट्रिफ्यूगल क्लच सुटतो आणि इंजिनाचा चाकांशी संबंध उरत नाही, मग इंजिन ब्रेक कसा लावणार? आणि खऱ्या गाड्याच बघायच्या तर मुंबईच्या थ्री-फेज लोकल बघा. स्टेशनात शिरताना वेग मोटरनेच मारला जातो, वीज वरच्या तारेत परत जाते आणि अगदी शेवटी हवेचा ब्रेक लागतो.

तो शेवटचा टप्पा आपल्या ट्रकलाही लागू आहे. मोटर फिरत नसेल तर ती वीज करत नाही, आणि वीज नाही तर अडवणारा जोरही नाही. म्हणून मोकळ्या गिअरिंगचा मॉन्स्टर ट्रक उतारावर ब्रेक धरूनही हळूहळू सरकतो. क्रॉलरमध्ये (खडकांवर हळू चढणाऱ्या आरसी गाडीत) गिअर इतके खाली असतात की 100 टक्के ड्रॅग ब्रेकवर (ट्रिगर सोडताच आपोआप लागणाऱ्या ब्रेकवर) तो चढावर चिकटून उभा राहतो. 1/5 मापाचा दहा-बारा किलोचा ट्रक असेल, वेग तोच असेल, तर ज्यूल दुप्पट किंवा त्याहून जास्त होतात, आणि तिथे डिस्कची जोड देणाऱ्याला मी अडवणार नाही. भाच्याचा ट्रक त्यातला नाही. आम्ही डिस्क, सर्वो, दांडी सगळं काढलं, ब्रेक 60 वर ठेवला, फेलसेफ ब्रेकच्या बाजूला लावला. काल एक पूर्ण पॅक संपवल्यावर मोटर 58 अंशांवर होती.