मिश्र पद्धत ही पळवाट नाही

समाजविज्ञानात पीएच.डी. करणाऱ्यांना हल्ली एक सल्ला सर्रास दिला जातो: संख्यात्मक (आकडे मोजणारी) किंवा गुणात्मक (मुलाखती व निरीक्षणांवर आधारलेली) यांपैकी एकच पद्धत निवडावी आणि आराखडा मंजूर झाल्यावर ती बदलू नये, कारण दोन्ही एकत्र वापरणारी मिश्र पद्धत ही संख्याशास्त्र न झेपणाऱ्यांची पळवाट आहे आणि तिला वेळही पुरत नाही. या सल्ल्यातील बहुतेक विधाने तपासणीत टिकत नाहीत.

पळवाटीचा आरोप इतिहासाला धरून नाही. ऑस्ट्रियातील मारिएनथाल गावची कापडगिरणी बंद पडल्यावर १९३१-३२ मध्ये मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तेथील बेकारीचा अभ्यास केला. लाझार्सफेल्ड गणितात डॉक्टरेट मिळवलेले होते. आकड्यांची भीती त्यांना असण्याचे कारणच नव्हते. तरीही या गटाने रस्त्यावरून चालणाऱ्यांचा वेग मोजला, वाचनालयातील नोंदी तपासल्या, दिनक्रमाचे तक्ते भरून घेतले आणि त्याच वेळी घरोघरी जाऊन जीवनकहाण्याही ऐकल्या. लोकांकडे रिकामा वेळ वाढलेला असताना आणि वर्गणी माफ असतानाही पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले, हे नोंदींनी दाखवले. त्यामागची खचलेली मनःस्थिती मात्र माणसांशी बोलल्यावरच उमगली. शिवाय मूळ विचार फुरसतीच्या वेळेचा अभ्यास करण्याचा होता आणि बेकारीचा विषय नंतर पुढे आला, हेही विसरता कामा नये.

आराखडा बदलणे अवैज्ञानिक आहे, हा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. निष्कर्ष पाहून गृहीतक बदलायचे आणि ते आधीपासूनच तसे होते असे भासवायचे, हा निःसंशय अप्रामाणिकपणा आहे. परंतु समजा, ऊसतोड कामगारांवरील प्रबंधाच्या प्रश्नावलीत ‘तुमची रोजची मजुरी किती?’ असे प्रत्येक स्त्रीला विचारायचे ठरले आहे. मुकादमाकडून उचल बहुधा ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून दिली जाते, त्यामुळे त्या स्त्रीकडे या प्रश्नाचे उत्तरच नसते. मुलाखतींतून हे कळल्यावरही जुनीच प्रश्नावली रेटणे म्हणजे चुकीचे आकडे काटेकोरपणे गोळा करणे होय. बदल केव्हा आणि का केला याची तारखेसह नोंद ठेवावी, आधीची व नंतरची माहिती वेगळी ठेवावी आणि साधनच बदलले असेल तर नैतिकता समितीची संमती पुन्हा घ्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार विद्यार्थ्याने दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. असा बदल मांडण्याची ती योग्य जागा आहे.

वेळेचा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. त्याच नियमांत सर्वसाधारण कमाल मुदत सहा वर्षांची आहे आणि तेवढ्यात मोठे सर्वेक्षण व दीर्घ क्षेत्रकार्य एकट्याने पूर्ण करणे अवघड जाते. म्हणून एक पद्धत मुख्य ठेवावी, दुसरीला नेमके काम द्यावे आणि सर्वेक्षणातील ज्या कुटुंबांच्या उत्तरांचा अर्थ लागत नाही, तेवढ्याच कुटुंबांकडे मुलाखतीसाठी परत जावे.